होडीचं वाळवण

आम्ही जपानच्या पार उत्तरेला, होक्काइदोतल्या एका तळ्याकाठच्या गावात राहायला आलो ते कॉम्प्युटरच्या तब्येतीसाठी. नवऱ्याच्या कंपनीने इथे सर्व्हरचं भलंमोठं गोदाम बांधलं, कारण सर्व्हरला म्हणे सतत गार लागतं आणि इथली हवा फुकटात गार. सर्व्हर सांभाळायला नवरा हवा, नवऱ्याला सांभाळायला मी हवी, आणि हायस्कूलमधली मुलगी आमच्याबरोबर सामानासारखी आली. तिला कोणी विचारलंच नाही. टोकियोत निशी-कसाईच्या आमच्या जुन्या इमारतीत फोडणीच्या वासावरून कोणाकडे आज काय आहे ते लिफ्टमध्ये कळायचं. इथे शेजारी जायचं तर आधी फावडं शोधावं लागतं.

भाड्याच्या घरामागे अंगणात एक लाकडी होडी होती. दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली, छोटी, वल्ह्यांची. घरमालक म्हणाले, "हवी असेल तर ठेवा, तुमचीच समजा." आम्हाला अगदी भरून आलं. जपानमध्ये एवढी वर्षं काढून, कचऱ्याच्या वर्गीकरणात पदवी मिळेल इतकं शिकून, आमच्या डोक्यात एवढं आलं नाही की इथे मोठी वस्तू टाकायची म्हणजे आधी नगरपालिकेला फोन, मग चिकटवायचं तिकीट, मग ठरलेला वार. त्यापेक्षा ती भाडेकरूला प्रेमाने देऊन टाकणं सोपं. आम्ही घरमालकांना लाडूंचा डबासुद्धा नेऊन दिला.

मग हिवाळा आला. इथल्या लोकांची एक पद्धत आहे: कोबी बर्फाखाली पुरून ठेवतात. बर्फाच्या पोटात तो गोठत नाही, सडत नाही, उलट गोड होतो. लागेल तसा उकरून काढायचा. मला ही कल्पना फार आवडली. साठवणीचा कुठलाही प्रकार दिसला की माझ्यातली सदाशिव पेठ जागी होते. फक्त उघड्या जमिनीवर कोबी ठेवायला मन होईना. डबा हवा. झाकण हवं. अंगणात डब्यासारखी एकच गोष्ट होती.

आम्ही होडी उलथी केली, म्हणजे खरं तर सुलटी केली, तिच्यात पेटीभर कोबी रचले आणि वरून निळी ताडपत्री बांधली. पाठोपाठ बर्फाने सगळं झाकून टाकलं. त्या हिवाळ्यात आम्ही कोबीची भाजी, कोबीची भजी, कोबीचे पराठे आणि कोबीच्या वड्या खाल्ल्या. मुलीने शाळेच्या डब्यात कोबी बघून एका शब्दात जपानीतून निषेध नोंदवला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जपानीत आणि शक्यतो एका शब्दात.

याच काळात मी एक मूर्खपणा केला. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नणंदेने नव्या गाडीचा फोटो टाकला. मी उत्तरादाखल अंगणातल्या पांढऱ्या उंचवट्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आमची होडी. सध्या विश्रांती घेतेय."

पाच मिनिटांत पुण्याहून सासूबाईंचा फोन. "होडी म्हणजे, आपली? स्वतःची?"

"हो आई."

"मला बसवशील?"

आता मी काय म्हणणार? "म्हणजे काय आई! चेरी फुलली की या. तळ्यातून फुलं बघू."

इथे सासूबाईंविषयी सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तरीच्या आहेत, पोहे आणि माणसं दोन्ही नीट निवडून घेतात, आणि आयुष्यात कधी होडीत बसलेल्या नाहीत. सासरे होते तेव्हा दर पावसाळ्यात सगळे खडकवासल्याला जायचे. कणीस खायचं, पाणी बघायचं, आणि सासूबाईंनी होड्यांकडे बोट दाखवलं की सासरे म्हणायचे, "पुढच्या रविवारी." संसार संपला, पुढचा रविवार काही आला नाही. त्यामुळे माझ्या त्या एका वाक्यावर सासूबाईंनी पासपोर्ट काढला, गुडघ्यांचे व्यायाम सुरू केले, कॅनव्हासचे बूट घेतले आणि योगवर्गातल्या यच्चयावत बायकांना सांगितलं की सून मला होडीतून फिरवणार आहे. परदेशात एकट्या निघाल्या त्या पहिल्यांदाच. निघाल्या त्या जपानसाठीही नाही आणि आमच्यासाठी तर नाहीच. होडीसाठी.

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागला. एके दिवशी ताडपत्री काढली तर होडी काठोकाठ पाण्याने भरलेली, आणि त्यात राहिलेले कोबी तरंगत होते. होडीने पाण्यात असायचं, तर इथे पाणी होडीत होतं. मी खाली वाकले, नाक लावलं आणि मला तो वास आला.

ओल!

मराठी माणूस कर्जाला घाबरत नाही तेवढा ओलीला घाबरतो. भिंतीला ओल, धान्याला ओल, गादीला ओल. माझी आई डाळीच्या डब्यात नुसतं नाक घालून सांगायची की ही दोन उन्हं देऊन घे. ते नाक मला वारशाने मिळालंय. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, ही आतून कुजेल. हिला वाळवायला हवी. चांगली कडकडीत."

"बरोबर आहे," तो म्हणाला. हे वाक्य आमच्या संसारात इतकं क्वचित येतं, की तेव्हाच संशय यायला हवा होता.

आम्ही बादल्यांनी पाणी काढलं आणि होडीचं वाळवण घातलं. अक्षरशः वाळवण. सकाळी अंगणात ऊन जिथे पडेल तिथे तिला विटांवर टेकवायची, दुपारी दुसऱ्या अंगावर वळवायची. चार वाजले की ताडपत्री घालायची, कारण दव. एकदा मी सवयीने तिच्यावर जुनी साडी पसरायला निघाले होते, कावळे बसू नयेत म्हणून.

याच सुमाराला शेजारचे आजोबा आमच्या आयुष्यात आले. म्हणजे ते शेजारी होतेच, पण बर्फ होता तोवर दिसले नव्हते. सत्तरीच्या पुढचे, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला टोपी, गळ्यात टॉवेल, चेहरा वाऱ्याने रापलेला. त्यांना पाहताक्षणी नवरा माझ्या कानात म्हणाला, "जुना दर्यावर्दी आहे. बघूनच कळतं."

"तळ्यात कुठला दर्या?"

"मग जुना तळेवर्दी म्हण."

आजोबा कुंपणापाशी उभे राहिले. मी मुलीला भाषांतराला बोलावलं आणि आमची योजना सविस्तर सांगितली: ओल, ऊन, विटा, वळवणं. आजोबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. "हाई, हाई. नारुहोदो." म्हणजे, हो हो, अस्सं होय.

"बघ," मी नवऱ्याला म्हटलं. "त्यांना पटतंय."

तेव्हापासून आजोबा रोज यायला लागले. मी आलं घालून चहा द्यायची, ते कुंपणाशी उभं राहून प्यायचे, आम्ही पुढचा बेत सांगायचो, ते मान डोलवायचे. आम्ही निर्धास्त. आमच्या डोक्यावर तज्ज्ञाचा हात होता.

ढग आले तेव्हा आम्ही होडी गॅरेजमध्ये घेतली आणि गाडी बाहेर. आत रॉकेलचा हीटर लावला. कोपऱ्याकोपऱ्यांत मी मुलीचा हेअर ड्रायर फिरवला. मुलगी दारात आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "मुरी." म्हणजे, हे आपल्याच्याने होणार नाही. ते होडीविषयी होतं की आम्हाला आई-वडील म्हणून सहन करण्याविषयी, ते मी विचारलं नाही.

आठवड्याभराने मी होडीवर बोटाने टकटक केलं. काय खणखणीत आवाज! पापड भाजायला घ्यावा असा. फळ्यांमधल्या सांध्यांतून गॅरेजच्या दाराचं ऊन पलीकडे जाऊन भिंतीवर रेघारेघांनी पडलं होतं. मला वाटलं, किती छान दिसतंय. नवऱ्याला मात्र वाटलं की एवढ्या रेघा असू नयेत. त्याने दुकानातून लांबी आणली, तीच आपली, खिडकीच्या काचेला लावतात तसली मऊ, आणि दोघांनी मिळून सगळे सांधे भरले. वरून रंग दिला. रंग मी निवडला, आंबा कलर. नवरा म्हणाला की होडीला कोणी आंबा कलर देत नाही. मी म्हटलं, आजोबांना विचार. आजोबांनी मान डोलावली.

दुरुस्ती झाली की माणसाने थांबावं. पण नवरा सॉफ्टवेअरमधला. चालू असलेली गोष्ट सुधारल्याशिवाय त्याला झोप येत नाही. "आईला वल्ह्यांच्या फळीवर बसवणार का? तिचे गुडघे?" असं म्हणत त्याने पाय नसलेली, पण पाठ असलेली जपानी बैठकीची खुर्ची आणून होडीच्या मागच्या फळीवर स्क्रूने बसवली. मग धरायला काय? म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरात भिंतीला लावतात तो पांढरा दांडा आणून खुर्चीच्या शेजारी ठोकला. मग छत्री उभी करायला नळकांडं. चहाच्या थर्मासला कडं. मोबाइलला खोबण. सायकलची घंटी.

"घंटी कोणाला वाजवायची?" मी विचारलं.

"बदकं येतात मध्ये."

शेवटी त्याने सायकलचा छोटा आरसाही लावला. सगळं झाल्यावर ती होडी म्हणजे पाण्यात सोडायची कमी आणि शनिवारवाड्यापाशी रिक्षासारखी उभी करायची जास्त वाटत होती.

एप्रिलच्या शेवटी सासूबाई आल्या. नवरा टोकियोला जाऊन घेऊन आला. गाडीतून उतरल्या त्या स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल, त्यावर कानटोपी. माझ्या नमस्काराला निम्म्यावर अडवून म्हणाल्या, "होडी कुठाय?"

गॅरेजमध्ये नेलं. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली. खुर्चीवर बोटाने दाबून पाहिलं. दांड्याला हात लावला. आरशात बघून कानटोपी सारखी केली.

"हे सगळं कशाला गं? मी होडीत बसायला आल्ये, ब्यूटी पार्लरमध्ये नाही."

पण खूश झाल्या होत्या. त्या दिवशी पुण्याला फोनवर कोणाला तरी सांगताना मी ऐकलं, "मला वेगळी खुर्ची केलीये. आरसासुद्धा आहे."

मे सुरू झाला आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर चेरी फुलली. इथे ती उशिराने फुलते आणि वारा आला की आठवड्यात संपते. मुहूर्त बघायला सवड नव्हती. आम्ही होडी हातगाडीवर घालून काठावर नेली. गाव लहान, त्यामुळे जाता जाता चार-पाच जणांनी वाकून नमस्कार केला. आंबा कलरला असेल.

सासूबाई म्हणाल्या, पाण्यात घालायच्या आधी पूजा हवी. हळद-कुंकू होतं. नारळ नव्हता. त्या गावात कोबी मिळतो, सालमन मिळतो, नारळ नाही. मी कपाटातून नारळाच्या दुधाचा टेट्रापॅक आणला होता. सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला.

"हे चालतं?"

"आई, नारळच आहे. फक्त आधीच फोडलेला."

त्यांनी चमचाभर पाण्यात वाहिलं, चमचाभर होडीच्या टोकाला लावलं आणि उरलेलं "आमटीत घाल" म्हणून परत दिलं. आजोबा टोपी काढून उभे होते. त्यांनी सगळ्याला मान डोलावली.

मग आम्ही नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली. सासूबाईंनी जॅकेटावरून पदर घेतला. होडीचं नाक वाळूवर ठेवून नवऱ्याने मागचा भाग गुडघाभर पाण्यात ढकलला, आणि आम्ही दोघांनी धरून सासूबाईंना त्यांच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी दांडा पकडला. चेहरा असा झाला की त्यांच्या लग्नाच्या अल्बममधल्या नवरीला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. नवऱ्याने होडी अजून जराशी ढकलली.

"अगंबाई, हलली!" सासूबाई म्हणाल्या आणि घंटी वाजवली.

मी वल्ही द्यायला वाकले तर मला होडीच्या तळाशी पाणी दिसलं. थोडंसं. मग थोडंसं नव्हतं. सगळीकडून येत होतं, गाळणीतून यावं तसं, काही घाई नाही, पण कुठेही थांबायचं नाव नाही.

"आई, पाय ओले होतायत का?"

"होणारच की. होडीत बसल्यावर पाय ओले नाही होणार तर काय!" सासूबाईंच्या कॅनव्हासच्या बुटांवर पाणी आलं होतं. त्यांना वाटत होतं की होडीत असंच असतं, पावसातल्या छत्रीसारखं, थोडं आत यायचंच. होडी हळूच, मोठ्या अदबीने खाली बसत गेली आणि तळाला टेकली. सासूबाई गुडघाभर पाण्यात, खुर्चीत ताठ.

"का रे थांबली?"

"आई," नवरा म्हणाला, "बुडाली."

"अस्सं? एवढ्यात?"

पाणी कालपरवापर्यंत बर्फ होतं. नवऱ्याने त्यांना लहान मुलासारखं उचलून काठावर आणलं. मी त्यांचे पाय शालीत गुंडाळले. मग मुलीसकट आम्ही चौघं बुडालेल्या होडीकडे बघत उभे राहिलो. आंबा कलर पाण्यात फार खुलून दिसत होता.

"आजोबांना विचार," नवरा मुलीला म्हणाला. "म्हणावं, काय चुकलं?"

मुलीने विचारलं. आजोबा बराच वेळ बोलले, दोनदा वाकले, एकदा डोकं खाजवलं.

"त्यांना माहीत नाही," मुलगी म्हणाली.

"म्हणजे?"

"ते कधी होडीत बसलेच नाहीत. त्यांना बोट लागते. ते शाळेत संगीत शिकवायचे."

नवऱ्याने त्या रबरी बुटांकडे, त्या टोपीकडे, त्या रापलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुलीने ती नजरही न सांगता समजून घेतली. "बाग आहे त्यांची. बटाटे लावतात."

"मग रोज मान का डोलवायचे?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू बोलत होतीस म्हणून. ऐकतोय, हे कळायला नको?"

आता यात मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. जपानी माणूस मान डोलावतो ती होकार म्हणून नाही, ऐकत असल्याची पोच म्हणून, हे निशी-कसाईत नव्याने आलेल्या प्रत्येक बाईला चहा पाजून मीच सांगायचे. हातवारे करून. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने साहेबांची मान बघून बढती झाली असं समजून पेढे वाटले होते, तो किस्सा माझा ठेवणीतला. आणि मी त्याच मानेवर होडी बांधली.

"मग तू का नाही सांगितलंस ते शिक्षक आहेत म्हणून?"

"कोणी विचारलं नाही," मुलगी म्हणाली. हे मात्र स्वच्छ मराठीत.

घरी आणून सासूबाईंना गरम पाण्याची पिशवी दिली, ओवा घालून चहा दिला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता फक्त एवढंच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी मला बसवलं नाही, पण निदान बुडवलं तरी नाही."

पुण्याहून योगवर्गाचे फोन येत होते. "झाली का सैर?" सासूबाई सांगत होत्या, "हवा खराब आहे." बाहेर आभाळ धुतल्यासारखं निळं. खिडकीतून पलीकडच्या काठावरची गुलाबी रेघ दिसायची आणि रोज जरा पातळ झाल्यासारखी वाटायची. मी म्हटलं, "आई, मोठ्या तळ्यावर हंसाच्या आकाराच्या बोटी मिळतात. पॅडलच्या. तिकडे जाऊ या?"

"मी एवढ्या लांब बदकात बसायला आल्ये का?"

विषय संपला.

होडी तिथेच होती, काठावरच्या खांबाला बांधलेली, पाण्याने भरलेली. आम्ही तिला ओढायला गेलो होतो, पण भरलेली होडी हलेना आणि नवऱ्याची पाठ मात्र हलली. शेवटी ठरलं की शनिवारी पाणी उपसायचं, काठावर आणायची आणि नगरपालिकेला फोन करून तिकीट चिकटवायचं. घरमालकांनी जे टाळलं ते आमच्या वाट्याला. लाडूंचा डबा मला परत मागावासा वाटला.

शनिवारी सगळेच गेलो. सासूबाईसुद्धा आल्या, "अंत्ययात्रेला जावं माणसाने," म्हणाल्या. आजोबाही आले, बहुतेक चहाच्या आशेने. मी आणि मुलगी बूट घालून पाण्यात उतरलो आणि बादल्यांनी उपसू लागलो. नवरा पाठीला पट्टा बांधून काठावरून सूचना करत होता.

पाणी कमी झालं तशी मला पहिल्यांदा लांबी दिसली. आम्ही सांध्यांत भरलेली सगळी लांबी बाहेर आली होती, सोऱ्यातून शेव पडावी तशी, लांबच लांब, फळ्यांच्या कडेने वेटोळी घालून. कोणीतरी आतून दाबल्यासारखी.

"बघ, तुझी लांबीपण नाही टिकली," मी नवऱ्याला म्हटलं आणि उपसत राहिले. तेवढ्यात होडी हलली. तळ सोडला, डुलली, आणि माझ्या हातातून सरकून पाण्यावर बाजूला झाली. आत एक शेवटचं ओंजळभर पाणी होतं. मी वाट बघत उभी राहिले. ओंजळभरच राहिलं.

"अरे," मी म्हटलं, "पाणी येत नाहीये."

"येईल," नवरा म्हणाला. त्याचा आता कशावर विश्वास उरला नव्हता.

आम्ही उभे राहिलो. आजोबाही मान न डोलवता बघत होते. पाणी आलं नाही. मुलीने हात पुसले, खिशातून फोन काढला, दोन अंगठ्यांनी काहीतरी टाइप केलं आणि वाचून दाखवलं: लाकडी होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पाण्यात राहिली की लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. म्हणून पाण्यात घालण्याआधी होडी भिजवतात. "वाळवत नाहीत," तिने शेवटचं स्वतःच्या पदरचं घातलं.

"हे आधी नाही शोधता आलं?"

तिने फोन परत खिशात घातला. कोणी विचारलं नव्हतं.

मी आठवड्यातून दोनदा मटकी भिजत घालते. टणक, सुकलेला दाणा रात्रभरात फुगून सकाळी भांड्याला गच्च बसतो, हे मला शाळेपासून माहीत. हिवाळाभर कोबी आणि बर्फाचं पाणी मिळून होडीची जी उत्तम निगा राखत होते ती मीच उन्हं देऊन, हीटर लावून, मुलीचा ड्रायर फिरवून मोडून काढली. आमच्या एवढ्या खटपटीत होडीच्या कामी आली ती एकच गोष्ट: कंटाळून तिला पाण्यात सोडून देणं.

"मग आता बसायचं का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी पदर आधीच खोचला होता.

नवऱ्याची पाठ गेलेली, तेव्हा वल्हवायला मी. मी याआधी फक्त वरण ढवळलेलं. मुलीने आजीला खुर्चीत बसवलं, जॅकेटाचे पट्टे आवळले, आणि बादली माझ्या पायाशी ठेवली. सासूबाई मात्र निघेनात. काठाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यांनापण घ्या."

"आई, आजोबांना बोट लागते."

"सगळ्या बेताला उभे होते ना? मग आता काठावर काय उभं करता? आणि मी तरी कुठे बसल्ये कधी? दोघं नवखी एकत्र बसू."

मुलीने आजोबांना सांगितलं. आजोबा पांढरे पडले, तळ्याकडे पाहिलं, ताटासारखं सपाट होतं, मग टोपी घट्ट केली आणि चढले. न्हाणीघराचा दांडा सासूबाईंनी एका टोकाला धरला, त्यांनी दुसऱ्या. नवऱ्याने लावलेल्या इतक्या वस्तूंत तेवढी एक खरी उपयोगी पडली.

मी वल्ही मारली. माझा उजवा हात पोळ्या लाटणारा, डावा फक्त पोळी फिरवणारा. त्यामुळे होडी सरळ न जाता गोल फिरली. काठावरून नवरा ओरडत होता, "डावं! डावं वल्हं!" मी डावं मारलं की उलट्या बाजूने गोल. अशा प्रदक्षिणा घालत घालत, एखाद्या वडाला घालाव्यात तशा, आम्ही हळूहळू पलीकडे सरकलो.

सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांना प्रत्येक फेरीत वेगळं दृश्य मिळत होतं. एकदा बर्फाचा डोंगर, एकदा आमचं घर, एकदा फुलं. आणि त्या बोलत होत्या. आजोबांशी, अस्खलित मराठीत. खडकवासला, कणसं, मीठ-लिंबू, होड्या, सासऱ्यांचा तो पुढचा रविवार, योगवर्गातली कोण काय म्हणाली ते, सगळं. आजोबा डोळे डोंगरावर रोखून, दांडा घट्ट धरून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. "हाई. हाई. नारुहोदो."

"किती समजूतदार माणूस आहे," सासूबाई मला म्हणाल्या. "एकदाही मध्ये तोडलं नाही. तुझ्या सासऱ्यांना चार वाक्यं सलग ऐकवायची नाहीत."

फुलांच्या खाली पोहोचलो तेव्हा निम्मी फुलं पाण्यावरच होती. सासूबाई वाकल्या, पाण्याला बोट लावून बघितलं, दोन पाकळ्या उचलल्या आणि रुमालात बांधल्या. आजोबा गुणगुणायला लागले, अगदी हळू, पोट सांभाळायला असेल किंवा सवयीने असेल. मी वल्ही वर धरून बसले. तळाला पाणी ओंजळभरच होतं, तेवढंच.

परत काठाला लागलो तेव्हा माझे हात गळून गेले होते. नवऱ्याने दोरी धरली आणि हात पुढे केला. "ये आई. बास आता आज. परत बसू की, पुढच्या रविवारी."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. मलाही कळलं. सासूबाईंनी त्याच्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी दांडा धरला.

"तुमच्या घराण्यातला पुढचा रविवार मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "वल्हव गं तू."

मी आजोबांकडे पाहिलं. चेहरा जरा हिरवट होता. मी मराठीतच विचारलं, "आजोबा, अजून एक फेरी?"

आजोबांनी मान डोलावली. त्याचा अर्थ काय ते मला आता पक्कं माहीत होतं. तरी मी तो होकारच धरला, आणि डावं वल्हं मारलं.